गृहपाठाची वही आणि शिक्षकांचा शेरा : वाचकांचे प्रश्न

प्राथमिक वर्गांतील असमाधानकारक गृहपाठाला शिक्षकांनी कसा प्रतिसाद द्यावा, या विषयावर मागील अंकात पत्रे मागवली होती. नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची व शाळांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत. जागेअभावी पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी सातपूर परिसरातील एका अनुदानित प्राथमिक शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवते. वर्गात ४८ मुले आहेत. निम्म्या वह्यांमध्ये गणिताची उदाहरणे चुकलेली असतात, काहींमध्ये अर्धवट सोडलेली असतात. मी लाल पेनने फुल्या मारून ‘सुधारणा आवश्यक’, ‘अपूर्ण’, ‘लक्ष द्यावे’ असे शेरे लिहिते. पण दिवाळी आली तरी तीच मुले आणि तेच शेरे. शेवटी चुकलेले उदाहरण दहा वेळा लिहून आणायला सांगू लागले. ज्येष्ठ सहकारी म्हणतात की, थोडा धाक असल्याशिवाय मुले अभ्यास करत नाहीत. मला ते पटत नाही, पण दुसरे काय करावे हेही सुचत नाही.
— एक शिक्षिका, सातपूर

उत्तर : तुमच्या पत्रासोबत एका वहीच्या पानाचे छायाचित्र आले आहे, त्यामुळे माझे काम सोपे झाले. त्या पानावर वजाबाकीची चार उदाहरणे आहेत. मुलाने ५२ − २७ चे उत्तर ३५ लिहिले आहे, ७० − ४६ चे ३६, ६४ − ३९ चे ३५ आणि ८५ − ३२ चे ५३. पहिल्या तिन्हींवर लाल फुल्या आहेत, चौथ्यावर बरोबरची खूण आहे आणि तळाशी ‘लक्ष द्यावे’ हा शेरा आहे. आता ही उत्तरे पुन्हा एकदा पाहावीत. एककाच्या घरात वरचा अंक लहान आणि खालचा मोठा आला की हे मूल सरळ मोठ्यातून लहान वजा करते. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ते सातातून दोन काढून पाच लिहिते. शून्यातून सहा जात नाहीत, म्हणून सहा तसेच खाली उतरवते. चौथ्या उदाहरणात ही अडचण येतच नाही, म्हणून ते बरोबर आले. म्हणजे मुलाने पूर्ण लक्ष देऊन एकच नियम चारही ठिकाणी इमानेइतबारे लावला आहे. नियम तेवढा चुकीचा आहे. त्याला ‘लक्ष द्यावे’ असे सांगणे म्हणजे पंचवटीला जायचे असताना देवळालीच्या बसमध्ये चढलेल्या माणसाला ‘नीट धरून बसा’ असे सांगण्यासारखे आहे.

या मुलाला तुम्ही ५२ − २७ दहा वेळा लिहायला लावले तर काय होईल, याचाही विचार करावा. त्याने स्वतः सोडवून लिहिले तर चुकीचा नियम दहा वेळा घोटला जाईल, आणि फळ्यावरचे बरोबर उत्तर उतरवून लिहिले तर त्या एका उदाहरणाचे उत्तर २५ आहे एवढेच त्याला कळेल. शिवाय लिहिणे ही शिक्षा आहे, हा धडा तो आपोआप शिकेल, आणि पुढे चौथी-पाचवीत त्याने निबंध हौसेने लिहावा अशी अपेक्षा आपणच करणार आहोत. त्याऐवजी अशा चुका करणाऱ्या सात-आठ मुलांना एका कोपऱ्यात घेऊन बसावे, त्यांच्यापुढे काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवाव्यात आणि ‘मला सात काड्या दे’ असे एकाला म्हणावे. सुट्या काड्या दोनच आहेत हे लक्षात आल्यावर मूल क्षणभर थांबते, तुमच्या तोंडाकडे पाहते आणि मग एका गठ्ठ्याचे रबर सोडते. दशक सुटा करणे म्हणजे काय, हे त्या रबर सोडण्यात त्याला समजते. त्यानंतर तीच तीन उदाहरणे त्याने वहीत चुकलेल्या उत्तराच्या शेजारी पुन्हा सोडवावीत. जुने उत्तर खोडू नये. या सगळ्याला पंधरा मिनिटे लागतात, आणि ती शाळेच्या वेळातली असावीत.

चूक मुलाने कशी केली हे पानावरून नेहमीच कळते असे नाही. अशा वेळी ‘हे तू कसे केलेस, मला सांग बरे’ हा एक प्रश्न पुरतो, मात्र तो जाब विचारल्याच्या सुरात नसावा. एका मुलीने श्रुतलेखनात ‘सत्तावीस’ हा आकडा ७२ असा लिहिला होता. विचारल्यावर ती म्हणाली, “बाई, सात आधी ऐकू आला.” तिचे म्हणणे चूक नव्हते. आपल्या मराठीत एकक आधी बोलला जातो आणि दशक मागाहून, लिहिताना मात्र दशक आधी येतो. ‘एकोणचाळीस’ या शब्दात तर चाळीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात एकोणचाळीस, त्यामुळे तेथे ४९ लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात निघतात. शिक्षकाला ही अडचण माहीत असली की फुलीच्या जागी एक सूचना जन्माला येते : ‘शब्दातले दशकाचे घर आधी शोध.’

चुकलेला, अर्धवट राहिलेला, घाईने उरकलेला, मुळीच न केलेला आणि दुसऱ्याने करून दिलेला असे सगळेच गृहपाठ आपण ‘असमाधानकारक’ या एकाच पोत्यात भरतो, आणि तेथेच आपली गफलत होते. चुकलेल्याला पुन्हा शिकवणे लागते. अर्धवटाला वेळ किंवा मदत लागते. घाईने उरकलेला बहुधा कंटाळवाण्या कामाचा परिणाम असतो, कारण एकाच साच्याची वीस उदाहरणे ज्या मुलाला पाचव्यातच जमली आहेत, ते उरलेली पंधरा कशाही अक्षरात संपवणार. न केलेल्याविषयी पुढच्या पत्राच्या आणि दुसऱ्याने करून दिलेल्याविषयी त्यानंतरच्या पत्राच्या उत्तरात लिहिले आहे.

आता शेऱ्याविषयी. तिसरीतील जे मूल अजून जोडाक्षरांशी झगडत आहे, त्याच्या वहीत ‘सुधारणा आवश्यक’ असे धावत्या अक्षरात लिहिले, तर तो शेरा नक्की कोणासाठी लिहिला, असा प्रश्न पडतो. (आपल्यापैकी बहुतेकांनी तो तपासणीला येणाऱ्यांसाठी लिहिला आहे, मीही लिहिला आहे.) शेरा मुलाला वाचता आला पाहिजे आणि वाचल्यावर त्याला काहीतरी करता आले पाहिजे. ‘दुसरे आणि तिसरे उदाहरण काड्या घेऊन पुन्हा कर’ हा शेरा आहे. ‘गोष्टीत मांजर कोठे गेले ते राहिले, एक वाक्य लिही’ हाही शेरा आहे. गुण, चांदणी आणि सूचना एकत्र देण्याचा मोहही आवरावा. संशोधक रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधील पाचवी-सहावीच्या मुलांबाबत प्रसिद्ध केलेला अभ्यास शिक्षणक्षेत्रात आजही सांगितला जातो. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त लेखी सूचना दिल्या आणि काहींना दोन्ही दिले; तेव्हा फक्त सूचना मिळालेल्या मुलांच्या कामात सुधारणा दिसली आणि त्यांची गोडीही टिकली, मात्र गुण आणि सूचना दोन्ही मिळालेली मुले फक्त गुण मिळालेल्या मुलांसारखीच राहिली. आपल्या वर्गातही हे दिसते. वही हातात पडताच मुले ‘तुला किती?’ म्हणून शेजारच्या वहीत डोकावतात आणि खालची ओळ तशीच राहते.

तुम्ही म्हणाल की ४८ वह्यांमध्ये अशी सूचना रोज कशी लिहायची. लिहायचीच नाही. एका वहीला चार मिनिटे धरली तरी १९२ मिनिटे, म्हणजे तीन तासांहून अधिक वेळ लागेल, आणि तेवढा वेळ कोणत्याही शिक्षिकेकडे नसतो. रोज आठ वह्या मनापासून तपासाव्यात, म्हणजे सहा दिवसांत वर्ग पूर्ण होतो. उरलेल्या ४० वह्यांची उत्तरे वर्गात फळ्यावर एकत्र सोडवावीत व मुलांनी आपापली दुरुस्ती वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने करावी. वह्या गोळा करताना त्यांचे तीन गठ्ठे करण्याची सवयही उपयोगी पडते : जमलेल्या, एकाच ठिकाणी अडलेल्या आणि ज्यांच्याशी बोलावे लागेल अशा. तिसरा गठ्ठा साधारणपणे चार-पाच वह्यांचा निघतो.

राहिला धाकाचा मुद्दा. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्याच्या कलम १७ नुसार कोणत्याही बालकाला शारीरिक शिक्षा करता येत नाही व त्याचा मानसिक छळ करता येत नाही. तसे करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. ओणवे उभे करणे, उठाबशा, वर्गाबाहेर काढणे, वही सर्वांपुढे उंच धरून दाखवणे हे सगळे यात येऊ शकते. तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना कायदा सांगून वाद मिटणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांना एवढेच विचारावे की, धाक असलेल्या वर्गात चुकलेल्या वह्या कमी का दिसतात. माझा अनुभव असा की, त्या वर्गातली मुले सकाळी प्रार्थनेच्या आधी जिन्यात बसून हुशार मुलाची वही उतरवत असतात. मग ज्या मुलाला हातच्याची वजाबाकी येत नाही, ते शिक्षकांना वार्षिक परीक्षेपर्यंत सापडत नाही.

प्रश्न : मी दिंडोरी तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. द्राक्षबागांच्या कामांसाठी पेठ, सुरगाणा भागातून आलेल्या मजुरांची बरीच मुले आमच्या पटावर असतात. ही मुले गृहपाठ करूनच आणत नाहीत. वही घरी नेली तर ती परत येईलच याचीही खात्री नसते. रागावलो तर दुसऱ्या दिवशी मूल शाळेतच येत नाही, आणि काहीच बोललो नाही तर गावातली मुले म्हणतात, ‘सर, त्यांना का नाही विचारत?’ काय करावे?
— एक शिक्षक, दिंडोरी तालुका

उत्तर : गावातल्या मुलांचा ‘त्यांना का नाही विचारत?’ हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, पण त्याकडे नंतर येऊ. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या छाटणीपासून मार्च-एप्रिलच्या काढणीपर्यंत ज्या घरातील आईवडील उजाडताच बागेत जातात आणि अंधार पडल्यावर परततात, त्या घरात तिसरीतली मुलगी संध्याकाळी धाकट्या भावाला सांभाळते, चूल पेटवते आणि पाणी भरते. तिच्या खोपीत वही ठेवायला कोनाडा नाही. अशा मुलीच्या वहीवर ‘अपूर्ण’ लिहिणे म्हणजे तिने काय करावे हे न सांगता तिला दोष देणे होय.

मला ही गोष्ट फार उशिरा कळली. नाशिकमधील एका शाळेत माझ्या वर्गात एक मुलगा होता, चुणचुणीत, पण त्याचा गृहपाठ वारंवार राहायचा. मी त्याला बोलले, उभे केले, आईला बोलावणे धाडले. आई आली नाही, म्हणून तिच्याबद्दलही मनात ग्रह करून घेतला. वर्षअखेरीस गृहपाठाची नोंदवही सहज चाळत असताना त्याच्या नावापुढच्या रिकाम्या चौकटी एकाखाली एक आल्यासारख्या दिसल्या, म्हणून तारखा पाहिल्या. सगळे गुरुवार होते. बुधवारी गोदाघाटावर आठवडे बाजार भरतो; त्याची आई तेथे भाजी घेऊन बसायची आणि हा रात्रीपर्यंत तिच्याजवळ मेथीच्या जुड्या बांधत बसायचा. पुढच्या वर्षी तो माझ्या वर्गात नव्हता. त्यामुळे न केलेल्या गृहपाठाची नोंद तारखेनिशी ठेवा, आणि ती मुलाला दाखवण्यासाठी नसून तुमच्यासाठी आहे हे विसरू नका.

उपाय साधा आहे. या मुलांचा गृहपाठ शाळेतच करून घ्यावा. परिपाठाच्या आधीची किंवा मधल्या सुट्टीनंतरची वीस मिनिटे ठरवून घ्यावीत, वह्या शाळेच्या कपाटातच ठेवाव्यात आणि ही सोय फक्त मजुरांच्या मुलांसाठी आहे असे जाहीर न करता जिला किंवा ज्याला हवी त्या प्रत्येकासाठी खुली ठेवावी. गावातलीही दोन-चार मुले त्यात येऊन बसतील, आणि ‘त्यांना का नाही विचारत’ या प्रश्नाचे उत्तर तेथेच मिळेल. काम सर्वांना सारखेच आहे, ते करायची जागा प्रत्येकाने निवडायची आहे. नियम सर्वांना एक असावा ही मुलांची मागणी रास्त असते, ती झिडकारू नये.

घरी द्यायचेच असेल तर लेखणी लागणार नाही असे काम द्यावे. केंद्र शासनाच्या २०२० च्या दप्तर धोरणातही दुसरीपर्यंत लेखी गृहपाठ देऊ नये, त्याऐवजी संध्याकाळ कशी गेली, कोणता खेळ खेळला, काय जेवलो याविषयी मुलांना वर्गात बोलू द्यावे असे म्हटले आहे. आणि तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला, दिवसाला नव्हे, जास्तीत जास्त दोन तास ही मर्यादा सांगितली आहे. बागेत एका क्रेटमध्ये किती किलो माल बसतो आणि दिवसभरात आईने किती क्रेट भरले, हे विचारून येणे हा तिसरीचा गुणाकार आहे. तो मुलीने वर्गात तोंडी सांगावा आणि तुम्ही फळ्यावर मांडावा. त्या दिवशी गावातल्या बागाईतदाराचा मुलगा आणि मजुराची मुलगी एकाच उदाहरणावर बोलतील. ते कसे बोलतील हे मात्र तुम्हाला सांभाळावे लागेल.

प्रश्न : माझा मुलगा चौथीत आहे. आम्ही सिडकोत राहतो, पती अंबडच्या कारखान्यात पाळीने काम करतात. वर्गशिक्षिका रोज रात्री पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गृहपाठ न केलेल्या आणि चुकीचा केलेल्या मुलांची नावे टाकतात. नाव आले की बाकीच्या पालकांचे ‘काळजी घ्या’ असे संदेश येतात. त्या भीतीने मी स्वतःच त्याचे प्रकल्प करून देते. परवा रात्री बारापर्यंत थर्माकोलचा किल्ला कापत बसले होते. शिक्षिकेशी बोलावे का? मुलाला त्रास होईल का?
— एक पालक, सिडको

उत्तर : बोलावे, आणि ग्रुपवर नव्हे, समक्ष बोलावे. दहा वर्षांच्या मुलाच्या चुका चाळीस घरांत जाहीर होणे हे वर्गात उभे करण्यापेक्षा कमी लाजिरवाणे नाही. उलट वर्गातली गोष्ट तास संपल्यावर संपते, ही मात्र फोनमध्ये राहते. शिक्षिकेचा हेतू वाईट असेल असे मी समजत नाही. त्यांना सगळ्या घरांपर्यंत एका झटक्यात पोहोचायचे आहे आणि त्यांनी हाताशी असलेले साधन वापरले आहे. म्हणून तक्रारीच्या सुराने सुरुवात करू नये. ‘बाई, त्याचे काही राहिले तर मला एकटीला कळवाल का? मी दुसऱ्या दिवशी उत्तर देईन,’ एवढे म्हणावे, आणि ते पाळावे. त्याने फरक पडला नाही, तर मुख्याध्यापकांना भेटावे किंवा पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत, कोणाचे नाव न घेता, ग्रुपवर काय यावे आणि काय येऊ नये एवढाच विषय मांडावा. हीच अडचण असलेले आणखी पाच-सहा पालक त्या बैठकीत निघतील याविषयी मला शंका नाही.

आता थर्माकोलच्या किल्ल्याकडे वळू. तो शिक्षिकेने ओळखला असणार, याची खात्री बाळगा. मुलाच्या हाताने कापलेला बुरूज कधीच सरळ उभा राहत नाही. तुमच्या किल्ल्याला शाबासकी मिळाली तर मुलाला दोन गोष्टी कळतात : एक, आपल्याला हे जमत नाही म्हणून आईने केले, आणि दुसरी, शाळेला तेच आवडले. ज्या शिक्षकांच्या हाती असे काम येते त्यांच्याविषयीही येथेच लिहून टाकते. ‘हे तुझे नाही’ असे सर्वांसमोर म्हणून मुलाला खोट्यात पाडू नये. ‘दरवाजा इकडेच का ठेवला, सांग’ असे विचारावे. सांगता आले तर काम निदान काही अंशी त्याचे आहे. नाही आले, तर पुढचा प्रकल्प वर्गातच, माती आणि जुन्या पुठ्ठ्यावर करायला द्यावा.

तुम्ही घरी एवढेच करा. चौथीतील मुलाने अर्धा तास बसून जेवढे झाले तेवढे करावे, त्यानंतर वही बंद करावी आणि त्याखाली तुम्ही लिहावे : ‘साडेसात ते आठ बसला. तिसऱ्या उदाहरणात भागाकार कुठून सुरू करायचा हे कळले नाही.’ अशी ओळ असलेली अर्धवट वही शिक्षिकेला पूर्ण वहीपेक्षा जास्त सांगते. प्राथमिक वर्गांत गृहपाठाचे प्रमाण आणि मुलांची शैक्षणिक प्रगती यांचा संबंध फार क्षीण असल्याचे अमेरिकेतील अभ्यासक हॅरिस कूपर यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासून दाखवले आहे, त्यामुळे एक उदाहरण राहिले म्हणून वर्ष वाया जाईल ही भीती काढून टाकावी. चौथीतल्या मुलासाठी रात्री साडेनऊला झोपणे त्या उदाहरणापेक्षा महत्त्वाचे आहे.

प्रश्न : पंचवटीतील शाळेत दुसरी-तिसरीला मराठी शिकवते. वर्गात एक मुलगा बागलाणमधून आलेला आहे. ‘माझी आई’ या विषयावर पाच वाक्ये लिहायला सांगितली, त्याने पहिलेच वाक्य लिहिले : ‘मनी माय वावरमा जास.’ मी सगळे अधोरेखित केले. पाच वाक्यांत एकही शब्द लाल खुणेशिवाय उरला नाही. मुलगा आता लिहितच नाही, नुसता पाटीकडे बघतो.
— एक शिक्षिका, पंचवटी

उत्तर : त्याने लिहिलेले वाक्य अहिराणीत, म्हणजे त्याच्या घरच्या बोलीत, अगदी बरोबर आहे. कर्ता आहे, ठिकाण आहे, क्रियापद शेवटी आहे, आणि आई काय करते हे एका दमात सांगून झाले आहे. शिवाय कान्याचे, वेलांटीचे भान आहे. म्हणजे या मुलाला वाक्य लिहिता येते, फक्त ते शाळेच्या मराठीत कसे म्हणतात हे अजून माहीत नाही. ही चूक नव्हे, हा पुढचा धडा आहे, आणि तो लाल पेनाने शिकवता येत नाही.

उद्या त्याला जवळ बसवून ते वाक्य त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्या. ‘वावरमा’ म्हणजे कोठे, हे त्याने तुम्हाला समजावून सांगावे. मग त्याच्या ओळीच्या खाली, ती न खोडता, ‘माझी आई शेतात जाते’ असे तुम्ही लिहा आणि त्याला दोन्ही ओळींतील जोड्या रेघेने जोडू द्या : मनी–माझी, माय–आई, वावरमा–शेतात, जास–जाते. उरलेल्या चार वाक्यांपैकी त्या दिवशी आणखी एकच घ्यावे. काही दिवसांनी ‘-मा’ जेथे येते तेथे ‘-त’ येते, हे त्याला न सांगता दिसू लागेल. वर्गात अहिराणी बोलणारी आणखी मुले असतील. सिडको, पंचवटी, म्हसरूळ या भागांत मालेगाव, सटाणा, कळवणकडची कुटुंबे पुष्कळ आहेत. अशी शब्दांची जोडपाटी भिंतीवर लावली तर ती वाढवायला मुलांना मजा येते.

हाच नियम शुद्धलेखनालाही लावावा. एका गृहपाठात चुकांचा एकच प्रकार निवडावा. या आठवड्यात शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी दीर्घ, एवढेच. ‘पाणि’, ‘गाडि’ दिसले की त्याला खूण करावी आणि अनुस्वार, णकार, जोडाक्षरे चुकली असली तरी त्यांच्यावर डोळेझाक करावी. शिक्षकाच्या हाताला हे सुरुवातीला फार जड जाते. लाल पेन टोपण लावून ठेवले की बरे पडते.

प्रश्न : मी मुख्याध्यापक आहे. आमच्या काही शिक्षकांनी वह्यांवर फुल्या मारणे कमी केले, तर पालक म्हणू लागले की शिक्षक वह्या नीट तपासतच नाहीत. तपासणीच्या वेळीही ‘वह्या अद्ययावत नाहीत’ असा अभिप्राय मिळण्याची धास्ती शिक्षकांना वाटते. शाळेने काय भूमिका घ्यावी?
— एक मुख्याध्यापक, नाशिकरोड

उत्तर : भूमिका लिहून काढावी आणि ती जूनमधल्या पहिल्याच पालकसभेत वाचून दाखवावी. पालकांचा आक्षेप समजण्यासारखा आहे. त्यांच्या लहानपणी तपासलेली वही लालच असायची. वहीच्या मुखपृष्ठाच्या आत एक चिठ्ठी चिकटवा : गोल केलेला अंक म्हणजे ‘येथे पुन्हा पाहा’, हिरव्या पेन्सिलीचा मजकूर म्हणजे मुलाने स्वतः केलेली दुरुस्ती, ‘तों’ म्हणजे या चुकीविषयी मुलाशी तोंडी बोलणे झाले. तीन खुणा पुरेत. जास्त केल्या तर शिक्षकच विसरतात.

तपासणीच्या धास्तीविषयी शिक्षकांना शासनाचाच निर्णय दाखवावा. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन पद्धती आली. तिच्यात आकारिक, म्हणजे वर्षभर शिकवतानाच चालणाऱ्या, मूल्यमापनाला पहिली-दुसरीत ७० टक्के आणि तिसरी-चौथीत ६० टक्के भार दिला, आणि त्यासाठी आठ साधनतंत्रे सांगितली. स्वाध्याय व वर्गकार्य मिळून त्या आठांपैकी एक होते. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प ही बाकीची त्याच्या बरोबरीने होती. ‘हातच्याची वजाबाकी काड्यांच्या साहाय्याने करतो, लेखी अजून अडखळतो’ ही दैनंदिन निरीक्षणाची नोंद दहा लाल फुल्यांपेक्षा भक्कम पुरावा आहे. अधिकारी आले की त्यांच्यापुढे सगळ्यात स्वच्छ वही ठेवण्याची आपली जुनी रीत आहे. ती सोडून एका अडलेल्या मुलाची जुलैची आणि सप्टेंबरची अशी दोन पाने शेजारी शेजारी ठेवावीत, दोन्हींमधील हिरव्या दुरुस्त्या दाखवाव्यात आणि त्या मुलालाच बोलावून त्याच्याकडून ५२ − २७ सोडवून घ्यावे.